ओव्हनमध्ये भाजलेली मास्टर टेप

टेप वीस सेकंद वाजली आणि किंचाळायला लागली. मी मशीन बंद केलं. हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज जो भाग वाचतो त्याच्यावर, तपकिरी चिखल साचला होता.

“गेली का?” मागून रूथ मॅडमनी कुजबुजत विचारलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना एवढाच आवाज उरला होता.

“अजून नाही,” मी म्हणालो. खात्री नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी आखातात, मनामा शहरात, एका कॅसेट कंपनीत ऑडिओ इंजिनिअर होतो. परदेशी कंपन्यांकडून लायसन्स घेऊन आम्ही तिथल्या बाजारासाठी कॅसेट बनवायचो. रूथ मॅडमचं लेबल त्यांतलंच एक. इंग्लंडमधलं, छोटं, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या हाताखाली नसलेलं. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, एक कॉपी आमच्या स्टोअरमध्ये कित्येक वर्षं पडून होती. तिकडे तळघरात पाणी शिरून मूळ टेप खराब झाली होती. आता उरली होती ती हीच.

जासिम साहेब, आमचे मॅनेजर, आत डोकावले. “मिस्टर दातार, कॉपी झाली?”

“टेप चिकट झालीय सर. भाजावी लागेल.”

“भाजावी?”

मी समजावलं. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोखंडी भुकटीचा थर एका प्रकारच्या गोंदाने बसवलेला असतो. हा गोंद हवेतला दमटपणा पितो आणि चिकट होतो. पन्नास डिग्रीच्या आसपास आठ तास सुकवला, तर टेप थोडे दिवस वाजते. तेवढ्यात कॉपी करून घ्यायची.

“आणि जास्त तापली तर?”

“वाकडी होईल. मग काही करता येणार नाही.”

“तर कंपनी जबाबदार नाही. लेटरवर सही घ्या. शनिवारी सकाळी यांची फ्लाइट आहे. यल्ला, चला लवकर!”

मॅडमनी लेटर न वाचताच सही केली.

ओव्हन मिळाला यासीनभाईंमुळे. ते रत्नागिरीकडचे, उम्म अल हस्सम भागात आमचे शेजारी, बांधकामाची माती तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन. शुक्रवारी लॅब बंद. लॅबच्या साहेबांची परवानगी काढून त्यांनी सकाळी सातला दार उघडलं.

“हा शंभराच्या वरती चालवायचा ओव्हन आहे, दातार. खालचा आकडा याने कधी बघितला नाही,” ते म्हणाले.

मी टेप प्लास्टिकच्या रिळावरून धातूच्या रिळावर घेतली, डायल पन्नासवर लावला आणि रीळ आत ठेवलं. सोबत आणलेला थर्मामीटर वरच्या भोकातून आत सोडला.

मॅडम कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होत्या. मीही बसू शकत नव्हतो. अधूनमधून थांबून त्या तुकड्यातुकड्यांनी सांगत होत्या. मोठ्या कंपन्यांना त्यांची गाणी नको होती, म्हणून भाऊ ॲलनने आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे लेबल सुरू केलं. कव्हरं दोघांनी जेवणाच्या टेबलावर चिकटवली. पहिली रेकॉर्ड रूथची. मग इतर गायक येत गेले, लेबलचं नाव झालं, आणि एका मोठ्या कंपनीने ते विकत मागितलं.

“मी म्हटलं, विकू. तो म्हणाला, नाही. त्यावरून आम्ही बोलणं टाकलं. मागच्या वर्षी तो गेला. तुमच्या कंपनीचं या कॉपीबद्दलचं पत्र त्याच्या कागदांत सापडलं.”

तासाभराने थर्मामीटर बघितला. चौसष्ट.

“यासीनभाई!”

त्यांनी धावत येऊन दार उघडलं आणि फटीत पुठ्ठ्याची घडी अडकवली. पारा हळूहळू उतरला. पुढचे सात तास दर दहा मिनिटांनी आम्ही आलटूनपालटून आकडा वाचत होतो. यासीनभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले, तेव्हा मॅडम स्वतः स्टुलावर उभ्या राहिल्या.

टेप पूर्ण थंड होऊ दिली आणि संध्याकाळी स्टुडिओत कॉपी करायला लावली. आवाज आला. मोकळा, जरा खरखरीत, तरुण. मॅडम दाराशी उभ्या होत्या. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शेवटच्या गाण्यात थराचा एक पापुद्रा निघाला. आवाज दोन सेकंद गायब झाला, मग परत आला.

“ही चूक माझी,” मी म्हणालो. “त्या पहिल्या तासाची.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “ॲलनला पुसटसा दोषसुद्धा चालायचा नाही. पण मी हे असंच ठेवणार.”

त्या कॉपीवरून सीडी निघाली. एक मला आली, एक यासीनभाईंना. शेवटच्या गाण्यातले ते दोन सेकंद तसेच आहेत.

टेप आत ठेवण्याआधी रिकामा ओव्हन तासभर चालवून, थर्मामीटर लावून बघायचा असतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. घाईत मी ते केलं नाही.