पुढची टाकी खाली आहे

नौदलात नवी जहाजं आली तेव्हा त्यातल्या एकावर माझी नेमणूक झाली. ही जहाजं वेगळी होती. त्यांना बंदर लागत नसे. थेट वाळूवर जाऊन नाक टेकवायचं, नाकाची दारं उघडायची, आतून लोखंडी उतार खाली सोडायचा आणि पोटातल्या गाड्या, फौज, सगळं किनाऱ्यावर उतरवायचं. सुट्टीत मी हे गावी सांगितलं तर दूध सोसायटीच्या ओट्यावरच्या मंडळींनी मला वेड्यातच काढलं. जमिनीवर चढवायचं हाय तर मग सरकारनं ट्रक का म्हून घेतला न्हाई, असं एकाने विचारलं. आमचं गाव केज तालुक्यातलं. तिथे समुद्र कुणी पाहिलेला नाही आणि नदी म्हणजे वाळू उपसायची जागा. तिथला माणूस नौदलात गेला हीच मुळात थट्टेची गोष्ट होती, आणि मी स्वभावाने तिरसट, त्यामुळे ती थट्टा मला झोंबायची.

त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला. माझा थोरला भाऊ, दादा, सोसायटीचा सचिव होता. त्याचं पत्र मला जहाजावर मिळालं. विहिरीचा तळ दिसतोय. सोसायटीत दूध येतं ते एका हाताने उचलता येईल एवढंच. सहकारी साखर कारखान्याला गाळायला ऊस नाही, म्हणून कारखान्याने आवारात जनावरांची छावणी उघडली आहे आणि आई दोन म्हशी घेऊन तिथेच राहायला गेली आहे. गावात टँकर आठ दिवसांनी येतो. रांगेत भांडणं होतात, परवा एका बाईचं डोकं फुटलं. आई परातीत बसून अंघोळ करते आणि तेच पाणी म्हशीला पाजते, असं त्याने शेवटी लिहिलं होतं. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज पहिल्यांदा वाळूला लावायचं होतं. आत फौजेची तुकडी आणि त्यांच्या गाड्या होत्या. अशा वेळी जहाजाचं नाक हलकं करावं लागतं. नाक जड राहिलं तर जहाज किनाऱ्यापासून लांबच वाळूत रुततं. पुढच्या टाकीत बंदरावर भरलेलं गोडं पाणी होतं, तुकडीच्या पिण्यासाठी. ते समुद्रात सोडून द्यायचा हुकूम झाला, आणि त्या टाकीच्या झडपेच्या चाकावर माझी ड्यूटी होती.

मी चाक फिरवलं. पाणी निघालं. बाजूच्या नळीतून माप टाकून पातळी बघायची आणि वर चीफला कळवायची, एवढंच काम. चीफ म्हणजे आमचा वरिष्ठ, कोकणातला, निवृत्तीला थोडे महिने राहिलेला. पाणी जात होतं त्याचा आवाज पायाखाली येत होता, आणि मी मनात टँकर मोजत होतो. हा एक गेला. हा दुसरा. जहाजावरही पाणी सकाळी अर्धा तासच यायचं, अंगाला साबण लावून माणसं ताटकळत उभी राहायची. मग हे गोडं पाणी खाऱ्यात कशाला ओतायचं? मला राग आला, खरंच राग आला, ज्याने हुकूम दिला त्याचा. तिसरा हिस्सा शिल्लक असताना मी चाक बंद केलं.

चीफने वरून विचारलं, "झाली का रे?"

"पुढची टाकी खाली आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्या शब्दावर वहीत टाकी रिकामी असं लिहिलं आणि सही केली.

जहाज वाळूला लागलं तेव्हा धक्का बसला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. दारं उघडली. उताराच्या टोकाशी बांबू टाकून खोली पाहिली, गुडघाभर निघाली. पहिली जीप सोडली. ती दहा-बारा हात नीट गेली आणि मग नाकावर पालथी होऊन दिसेनाशीच झाली. किनारा अजून पुढे होता. जहाज अलीकडच्या वाळूच्या बांधावर अडकलं होतं आणि बांधापलीकडे खोल चर होता. नाक थोडं हलकं असतं तर जहाज त्या बांधावरून सरकून पुढे गेलं असतं.

चारजणांनी उड्या मारल्या. जीपचा ड्रायव्हर, उत्तरेकडचा एक जवान, स्टिअरिंगमागे अडकला होता. त्याला वर आणायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. उतारावर आडवा केला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. एकजण छाती दाबत होता, मी बाजूला उभा होतो आणि मला माहीत होतं. तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला माहीत होतं.

तो वाचला. पण श्वास परत यायला उशीर झाला होता.

मी लगेच कबूल केलं असं लिहायला मला आवडलं असतं. चार तास लागले. चीफला कप्तानापुढे उभं केलं, कारण वहीत सही त्याची होती. तो एकदाही माझ्याकडे बोट दाखवून बोलला नाही, माप आपण स्वतः तपासायला हवं होतं एवढंच म्हणत राहिला. तेव्हा मी पुढे झालो आणि सांगितलं. का बंद केलंस, असं कप्तानाने विचारलं. पाणी सोडवेना, मी म्हणालो. माझी बढती गेली, कोठडी झाली, आणि हे कमीच झालं असं मला तेव्हाही वाटलं.

दादाला मी पत्रात अर्धंच लिहिलं. पाणी वाचवलं म्हणून शिक्षा झाली, एवढंच. उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो तो थेट छावणीवर. दावणीच दावणी, वर पाचटाचे मांडव, आणि दादाने माझी कीर्ती आधीच पसरवलेली. लोक जमले. सरकारचं पाणी वाचवलं आन सरकारनंच कोंडलं, असं म्हणत एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही बोललो, किती टँकर होते ते सांगितलं. ऐकणाऱ्यांना भरून आलं आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

आई म्हशीला वैरण टाकत होती. माणसं पांगल्यावर तिने विचारलं, "मग त्ये जहाज काठाला लागलं का न्हाई?"

एवढ्या लोकांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दादा ऐकत होता, तो उठून उभा राहिला.

आईने हातातली वैरण म्हशीपुढे टाकली. मग म्हणाली, "त्येला आई हाय का?"

"हाय."

"तिला ठावं हाय का, ह्ये तुज्या हातून झालं म्हून?"

"न्हाई."

दादा मध्ये पडला. सजा भोगून झाली, आता कशाला उकरायचं, म्हणाला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सजा सरकारनं दिली," ती मला म्हणाली. "त्या बाईला कुनी काय सांगितलं? पत्र लिही."

तिथेच, वैरणीच्या ढिगावर बसून, मी मोडक्या हिंदीत पत्र लिहिलं. तीन ओळींचं पत्र लिहायला दुपार गेली.

उत्तर दोन महिन्यांनी जहाजावर आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. मुलगा घरी आहे, त्याच्या हाताला कंप आहे, जेवण मी भरवते, पुन्हा लिहू नका.

पुढच्या सुट्टीत आईने विचारलं, त्या बाईचं काय उत्तर आलं का. मी न्हाई म्हणालो.

"यील," ती म्हणाली. "तिला बी येळ लागंल."

त्यानंतर ती दर सुट्टीत विचारायची.