नाकापुरती सूट

माझ्या वडिलांच्या नाकावर आमच्या गावात सभा भरली होती, असं सांगितलं की शिवाजी पेठेतल्या माझ्या शेजारणी हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करते. थट्टा कसली, त्या सभेत सरकारी आदेश मोठ्यानं वाचून दाखवायला मीच उभी होते, आणि तो ऐकून घेतल्यावर गावानं काय ठराव केला तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आधी त्या नाकाचं सांगते. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेत टेस्टर आहेत. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात. आण्णा प्रत्येक किटलीचं झाकण काढतात, वाकून वास घेतात आणि मगच दूध मोठ्या कॅनमध्ये ओतू देतात. फॅटचं मशीन त्यानंतर. मशीनला फॅट कळते, पण दूध आंबायच्या बेतात आहे हे कळत नाही. ते आण्णांना कळायचं. "म्हशीला कांद्याची पात घातलीस व्हय?" असं ते विचारायचे आणि समोरचा गडी मान खाली घालायचा. एक किटली खराब गेली की सगळा कॅन वाया जातो, त्यामुळं देवावर नसेल एवढा गावाचा त्यांच्या नाकावर भरवसा होता. आण्णांनाही त्याचा ताठा होता. घरात भाजीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा ते वासावरून सांगायचे, आणि आई वैतागायची.

याच माणसाला दमा आहे. थंडी पडली की छाती वाजायला लागते. कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोल्हापुरातली माझी शाळा पुन्हा बंद झाली, तेव्हा मी पेठेतल्या खोलीला कुलूप लावून गावी आले ती या दम्याच्या काळजीनं. गच्चीवर तेवढी रेंज मिळायची. तिथं छत्री धरून मी मोबाईलवर मुलांना शिकवत होते, आणि खाली अंगणात आण्णा मास्क हनुवटीला अडकवून डेअरीला निघायचे. ते बघून माझं गणित चुकायचं.

डेअरीवरचा प्रकार तर काय सांगावा. संस्थेनं चुन्यानं सहा-सहा फुटांवर गोल आखले होते. लोक यायचे, आपली किटली गोलात ठेवायचे आणि स्वतः जाऊन कट्ट्यावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. किटल्या अंतर राखून उभ्या आणि माणसं एकाच चुन्याच्या डबीतून तंबाखू मळतायत. मी बोलले की मला उत्तर मिळायचं, "बाई, तुमचं शाळेत चालतंय. हितं सगळी घरचीच हाईत की." घरच्या माणसाचा रोग लागत नाही, अशी सगळ्या गावाची पक्की समजूत होती. रोग फक्त पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाकडं असतो, आणि तो माणूस आपला भाऊ असेल तर त्याच्याकडंही नसतो.

मी आईच्या जुन्या सुती साड्या फाडून चाळीस मास्क शिवले आणि डेअरीवर वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीनं त्यातला एक मास्क लावून किटलीचं झाकण घट्ट बसवलं होतं. ही काकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, एका म्हशीवर संसार ओढलेली बाई. तिला मी काही बोलले नाही, कारण बोलण्यात मला कधीच तिच्यापुढं जिंकता आलेलं नाही.

मग आदेश आला. दूध संकलन चालू ठेवायचं असेल तर प्रत्येकानं मास्क लावायचा, संस्थेतल्या माणसांनी तर लावायचाच. चेअरमन तसा भला माणूस, पण कुणाशी वाकडं घ्यायला नको म्हणून जगणारा. त्यानं डेअरीच्या पायरीवर सभा घेतली आणि वाचायला मला उभं केलं. वाचून झाल्याबरोबर मागून कुणीतरी म्हणालं, "टेस्टरनंबी लावायचा म्हंता? मग वास काय कानानं घ्यायचा त्यांनी?"

हशा पिकला. दुसरा उठला. त्याच्या मोबाईलवर काहीतरी आलं होतं, मास्कनं माणूस आतल्या आत गुदमरतो म्हणे. तिसऱ्याचं म्हणणं, ही सगळी भ्या घालायची कामं. मी सांगितलं, आण्णांना दमा आहे, ते दिवसातून दोनदा सगळ्या गावापुढं वाकतात, त्यांच्याकडून गावाला आणि गावाकडून त्यांना, दोन्हीकडून धोका आहे. दूध तपासायला दुसरीही पद्धत आहे. थोडं दूध उकळून बघायचं, आंबलं असेल तर फाटतं.

"सगळ्या गावाचं दूध उकळत बसायचं?" काकी म्हणाली. "तवर म्हशी परत धारंला येतील की."

मी आण्णांकडं पाहिलं. वाटलं, आता तरी ते म्हणतील की पोरगी बरोबर बोलतेय. ते खाली बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. आपल्या नाकावाचून गावाचं चालत नाही हे भर सभेत ठरत होतं, त्यांना दुसरं काय हवं होतं.

शेवटी चेअरमननं तोडगा काढला आणि सचिवानं तो प्रोसिडिंगच्या वहीत उतरवून घेतला. सर्वांनी मास्क लावावा. टेस्टरनं तोंडावर लावावा, कामाच्या वेळी नाकापुरती सूट. टाळ्या पडल्या. विषाणूला प्रोसिडिंग वाचता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढं आठवडाभरात सगळ्या गावाचं नाक उघडं. कुणाला हटकलं तर म्हणायचा, "आण्णा लावत्यात तसा लावलाय." घरी रोज भांडण. मी म्हणायची, मास्क नाकावर घ्या. ते म्हणायचे, ठराव झालाय. एकदा मी चिडून ताट बाजूला सारलं, तर आई माझ्यावरच ओरडली. शाळा उघडावी आणि पेठेतल्या खोलीत एकटीनं बसावं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

एके दिवशी सकाळी मी गच्चीवर तास घेत होते. आई मळ्यात गेली होती. खालून करपल्याचा वास आला, इतका की घसा धरला. मी धावत आले. चुलीवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं. चुलीपासून चार हातांवर आण्णा पेपर वाचत बसले होते.

"आण्णा, दूध करपलं."

"व्हय?" त्यांनी मान वर केली. "उतू गेलं काय?"

"तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीया जरा."

मी मांडणीवरची हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली आणि डोळे मिटायला सांगितलं. त्यांनी जोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग हळूच म्हणाले, "कापूर."

मी डबी बंद केली. त्यांनी डोळे उघडून ती पाहिली आणि आमच्या दोघांच्याही सगळं ध्यानात आलं. मी म्हणाले, आज डेअरीला जायचं नाही, तालुक्याला जाऊन तपासून घ्यायचं.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "संस्था बंद करत्यात. गावानं दूध कुठं ओतायचं? दोन दिस जाऊ देत. येतंय वास. माझं नाक हाय ते, जातंय कुठं."

संध्याकाळी त्यांनी टोपी घातली, मास्क लावला, नाक उघडं ठेवलं आणि निघाले. आणि मी काय केलं? महिनाभर गावाला शिकवत फिरणारी, चाळीस मास्क शिवणारी, सभेत आदेश वाचणारी मी, उंबऱ्यात उभी राहिले आणि त्यांना जाऊ दिलं. आण्णांना मी रागावलेलं पाहिलं होतं, दम्यानं कासावीस झालेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या तोंडापुढं मला बोलवेना. बाकी सगळ्यांवरचा राग माझा कधीतरी निवला, स्वतःवरचा अजून निवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचं दूध संघाला नेणारा टेम्पो भरलेले कॅन परत घेऊन आला. संध्याकाळचं सगळं दूध आंबट निघालं होतं. किटल्या गोलांत होत्या आणि माणसं कट्ट्यावरून उठून टेम्पोभोवती जमली होती. चेअरमननं एका कॅनचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला वास आला. आण्णा कॅनला अगदी लागून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"मला कालपासनं वास येत न्हाय," आण्णा म्हणाले आणि पायरीवर खाली बसले.

माणसं दोन-दोन पावलं मागं सरली. आणि मग, आदेशानं झालं नाही, चुन्यानं झालं नाही, माझ्या घसा फोडण्यानं झालं नाही, ते झालं. एकेकानं हात वर नेला आणि मास्क नाकावर ओढला. मला तेव्हा इतका संताप आला की मी मागं वळून सरळ घरी आले.

संस्था काही दिवस बंद राहिली. तालुक्याच्या शाळेत कोविड सेंटर होतं, तिथं आण्णा ऑक्सिजनवर होते. गावात पाच-सहा घरांत माणसं आजारी पडली. सगळी उठली, हे आमचं नशीब, यात आमची अक्कल कुठंच नव्हती. आण्णाही उठले. छाती सुधारली. नाक मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्षं झाली, अजून आलेलं नाही.

आता येतोय वास, असं चेअरमनला सांगून आण्णा पुन्हा कामावर गेले, तेव्हा त्यांचा मास्क नाकावर अगदी घट्ट बसवलेला होता. चेअरमननं सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. त्यानंतर आदेश उठले, चुन्याचे गोल पावसानं धुऊन नेले, मास्क फडकी होऊन गेले. गावात आज एकच माणूस मास्क लावतो, माझे वडील. रोज धुतात, दोरीवर वाळत घालतात. मी म्हणाले, काढा आता तो. "असू दे की, सवय झालीया," ते म्हणाले. मला कळायला वेळ लागला नाही. मास्क आहे तोवर वास येतो का, असं कुणी विचारत नाही. ज्या मास्कसाठी मी या माणसाशी उभा दावा मांडला होता, तो आता मला डोळ्यांसमोर नकोसा होतो.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा मी ठरवलंच. एकदा गप्प बसून काय झालं ते पाहिलं होतं. पुन्हा उन्हाळा, पुन्हा दूध आंबायचे दिवस. चेअरमनला खरं काय ते सांगायचं, आण्णा माझ्याशी आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल. संध्याकाळी आईनं डेअरीला न्यायला आमची किटली हातात दिली, ती घेऊन मी आधी चेअरमनच्या घराकडं वळले. वाटेत काकी भेटली, तिच्याही हातात किटली.

"हिकडं कुठं चाललीस?"

"चेअरमनकडे. आण्णांना वास येत नाही, ते सांगायला."

काकीनं मला दंडाला धरून भिंतीकडं ओढलं. "गप बस की. सगळ्यास्नी ठावं हाय. चेअरमनलाबी ठावं हाय."

"मग दूध?"

तिनं किटली खाली ठेवली. "त्या दिवशीचं आंबट दूध माझं हुतं. घरात वास घेतलाच न्हवता मी. कशाला घेऊ? आण्णा हाईत की बघायला, असंच म्हणायची समदी. आता ज्येनं त्येनं घरातनंच वास घेऊन यायचं. खराब असलं तर आणतच न्हाय कोण. ते झाकण उघडत्यात, वाकत्यात, चांगलं हाय म्हंत्यात. झालं."

"कुणी ठरवलं हे? सभा झाली?"

"कसली सभा? कोण बोललंबी न्हाय."

मला तिचा राग आला, गावाचा आला आणि डोळे भरून आले, सगळं एकदमच. बोटभर नाक महिनाभर झाकायला सांगितलं तर याच माणसांनी सभा भरवली होती. आणि हे, न सांगता, इतकी वर्षं, सकाळ-संध्याकाळ. मी काकीला म्हणाले, तेव्हा कुठं गेली होती तुमची ही अक्कल? ती म्हणाली, "चल, उशीर हुतोय."

आईनं दिली तशी किटली मी घेऊन निघाले होते. भिंतीकडं तोंड करून मी झाकण काढलं आणि वास घेतला. दूध चांगलं होतं. मग काकीच्या मागं रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आण्णांनी मास्क नाकावर नीट केला, झाकण काढलं, वाकले आणि नेहमीएवढंच थांबले.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले, आणि दूध ओतलं.