डाव्या बुटावरची रेघ

निपाणीत बूट शिवणाऱ्या मामांचं नाव मला अजून ठाऊक नाही. ते कातड्याला रंग देत नाहीत, नुसतं गरम मेण पाजतात. "रंग बूट घालणाराच देतोय की. ऊन, घाम, धूळ," म्हणतात.

अशा कातड्यावर चटकन ओरखडा उठतो आणि अंगठ्यानं जोरात चोळला की मेण ऊब धरून तो मिटतोही. त्यामुळं मामा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतात, आधी पायाकडं. खुशाली विचारता विचारता बूट मांडीवर घेतात आणि त्यांचा अंगठा सुरू होतो.

माझे वडील मोटारसायकलचा गिअर बुटाच्या टोकानं वर उचलायचे. डाव्या बुटावर कायम रेघ. "आप्पा, टाचंनं टाका की गिअर," असं दर खेपेला म्हणत मामा ती मिटवायचे. वडील हसायचे आणि बोरगावला घरी पोचेपर्यंत नवी रेघ काढायचे.

वडील गेले. वर्षभरानं मी त्यांचे बूट घालून मामांकडं गेलो, मेण लावून द्या म्हणालो. त्यांनी डावा बूट मांडीवर घेतला. अंगठा रेघेपाशी गेला आणि थांबला. तो त्यांनी लुंगीला पुसला. मग फडक्यानं सगळ्या बुटाला मेण लावलं, तेवढी बोटभर रेघ सोडून.

"ही ऱ्हाऊ दे रं," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी बोरगावपर्यंत मी गिअर टाचेनं टाकत आलो.