दादाशिवाय बँकॉक

तिकिटं तीन होती: दादा, वहिनी आणि मी. एप्रिलमध्ये बँकॉकला जायचं दादानेच ठरवलं होतं. हिवाळ्यात तो अचानक गेला. हृदयविकाराचा झटका होता, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी सहलीचा विषय काढला नाही. मार्चमध्ये वहिनीनेच काढला.

"ताई, जाऊ या आपण. घरात बसून तरी भिंतीच बघायच्या ना?"

वहिनी कळवणकडची, मोकळ्या बोलण्याची. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि फारसं बोलत नाही. घरात बोलायचं काम दादा करायचा.

आम्ही बौद्ध. आमच्या नाशिकला देशभरातून लोक मेलेल्यांचे विधी करायला येतात, पण दादाने आमच्या वडिलांच्या वेळीसुद्धा घाटावर पाऊल ठेवलं नाही. माझ्यामागे काहीही करायचं नाही, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तो गेल्यावर त्रिशरण-पंचशील झालं, शोकसभा झाली आणि लोक घरी गेले. वहिनीनेही तेव्हा वेगळं काही मागितलं नाही.

नाशिकहून बसने मुंबई विमानतळ आणि तिथून साडेचार तास विमान. आम्हाला व्हिसा लागला नाही, फक्त निघण्याआधी एक ऑनलाइन अर्ज भरावा लागला. नियम बदलत असतात, तुम्ही जाताना तपासून घ्या. हॉस्टेल जुन्या शहरात, नदीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. बायकांच्या खोलीत सहा खाटा, एकावर एक. बाकीच्या चौघी विशीतल्या, परदेशी. वहिनी वरच्या खाटेची शिडी बघून म्हणाली, "मी पडले तर तुमच्यावरच पडेन, आधीच सांगते."

उन्हाबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, तिथलं अंगाला चिकटतं. सकाळी नऊलाच कपडे भिजायचे. फुटपाथवर खाण्याच्या गाड्या, त्यातून वाट काढणाऱ्या मोटरसायकली, तळणाचा धूर. सॅक पाठीवर घेऊन दोन चौक चाललं की कुठेतरी बसावंसं वाटायचं. सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी खोलीत झोपा. फिरायला नदीवरची केशरी झेंड्याची बोट सगळ्यात स्वस्त आणि वाऱ्याची. जेवण आम्हाला गोड लागलं. वहिनीने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि नूडल्सवर घातली. गाडीवाल्या बाईने बोटाने चाखली आणि आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी वाट फो नावाच्या मंदिरातला पहुडलेला बुद्ध पाहिला. मूर्ती एवढी लांब की एका नजरेत मावत नाही. हे महापरिनिर्वाणाचं रूप. वहिनी पायांपाशी बराच वेळ उभी राहिली. मागून लोक ढकलत होते, पहारेकरी पुढे चला म्हणत होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ह्यांच्या नावानं मला काहीतरी करायचंय."

"दान कर. दादाही करायचा."

"दान करीनच. पण तेवढ्यानं पोटात शांत होत नाय, ताई."

मी पुढे चालायला लागले. दादाने नको म्हटलेलं मी कसं हो म्हणणार?

हॉस्टेल सांभाळणारी बाई साठीची होती. फोनवरच्या भाषांतरातून वहिनीने तिला आमचं सगळं सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला गल्लीतल्या छोट्या विहारात घेऊन गेली. वाटेत दुकानात दानासाठी तयार भरलेली पिवळी बादली मिळाली. आत भिक्खूंचं चीवर, साबण, टॉवेल, चहा.

वहिनीने गुडघ्यावर बसून बादली तिथल्या भन्तेंच्या हातात द्यायला पुढे केली. भन्तेंनी हात मागे घेतले. मग पुढ्यात एक कापड पसरलं आणि त्यावर ठेवण्याची खूण केली.

वहिनीचा चेहरा पडला. "इथंबी शिवत नाय का आपल्याला?" ती हळू म्हणाली.

माझेही कान तापले. आमच्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे आम्ही ऐकत मोठे झालो आहोत. मी वहिनीला उठवायला हात धरला. तेवढ्यात हॉस्टेलवाल्या बाईने स्वतःची फुलं त्याच कापडावर ठेवली आणि फोन आमच्यापुढे धरला. भिक्खू कुठल्याच बाईच्या हातून थेट घेत नाहीत, असं त्यावर आलं.

वहिनीने ते दोनदा वाचलं. "म्हणजे जातीमुळं नाय, बाई म्हणून. ह्याला आता हसायचं का रडायचं?" आणि तिने बादली कापडावर ठेवली.

पुढे त्रिशरण झालं. चाल वेगळी, शब्द आपलेच. मग त्या बाईने वहिनीच्या हातात पितळेची छोटी झारी दिली, खाली वाटी ठेवली. भन्ते गाथा म्हणत असताना पाणी सावकाश ओतायचं, गेलेल्या माणसाच्या नावाने.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "ओतू?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ती विचारून थांबली होती. झारी कललेली, पाणी काठाशी, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिने ती खाली ठेवली असती.

"ओत," मी म्हटलं.

पाणी पडू लागलं. जवळच्याने ओतणाऱ्याच्या कोपराला हात लावायचा असतो, असं बाईने खुणेने दाखवलं. मी लावला. नंतर ते पाणी तिने बाहेर झाडाच्या मुळाशी घातलं आणि तिथेच बसून रडली. दादा गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर रविवारी आमच्या विहारात वहिनीने सगळं सांगितलं, चटणीसकट. आमच्या कॉलनीतले एक काका, दादाचे मित्र, म्हणाले, "अगं, हे तर कर्मकांडच झालं! त्याला चाललं असतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नसतं चाललं," मी म्हटलं. "पण वहिनीने विचारलं, मी हो म्हटलं. हातही लावला."

काका चष्मा पुसत बसले. मग चहा आला.

दादा असता तर त्याने यावर तासभर वाद घातला असता, आणि बहुतेक जिंकलाही असता. चहा पिताना मी त्याच्या बोलण्याचीच वाट बघत होते.