वेगवान, आणि रिकाम्या हातांचे

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास लंडनच्या टोकाला आमच्या स्टॅनमोरच्या घरात माझ्या नवऱ्याचा आवाज बदलतो. एरवी तो दिवसभर खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कोटासारखा असतो, थोडा दमट, थोडा सुरकुतलेला. सहाला टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होतो. नवरा फोन स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर ठेवतो, बर्मिंगहॅमला शिकणारी आमची लेक आपल्या खोलीत तोच सामना लावते, आणि त्या आवाजावरची प्रत्येक सुरकुती उलगडते. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते. मध्ये एक दार आहे. ते मी कधीही पूर्ण लावत नाही.

सामना हे निमित्त. त्या दोघांचा खरा खेळ निराळाच. या फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर नावाचा एक खेळाडू असतो. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू होताच सुसाट सुटायचं आणि दुरून फेकलेला लांबट चेंडू धावता धावता झेलायचा, हे त्याचं काम. अधूनमधून असा एखादा तरुण उगवतो, की ज्याची चाळीस यार्डांची धाव पाहून मोठमोठे संघ हुरळून जातात. दोनतीन हंगाम सरतात आणि ध्यानात येतं, की याच्यापाशी पाय आहेत, बाकी फारसं काही नाही. अशा अपेक्षाभंग केलेल्या वेगवानांची तुलना करणं हा बापलेकींचा छंद. कोण अधिक फसला, कोणाला दैवानं फसवलं, कोण मुळातच फसवा होता. त्यांची खरी नावं मला आजही नीट सांगता येणार नाहीत, कारण आमच्या घरात टोपणनावंच चालतात.

"तुझ्या वावटळीपेक्षा माझा तेलकट बरा," नवरा म्हणे. "तेलकटाच्या हातात चेंडू यायचा तरी. मग निसटायचा, ते सोड."

"बाबा, प्लीज. वावटळला कोणी नीट बॉलच फेकला नाही. तो ओपन असायचा, टोटली ओपन, आसपास अडवायला कोणी नाही. फेकणारा आंधळा होता."

"फेकणारा ठीक होता गं. वावटळीला रस्ता पाठ नव्हता. त्याला सांगितलं डावीकडे वळ, की हा सरळ निघाला वॉटफर्डला."

यावर ती हसे. तिचं हसू स्पीकरच्या बारीक जाळीतून चाळून येई, तरी त्याचा दाणा शाबूत असे. माझ्या हातातली सुरी तेवढा वेळ थांबे.

माझा वार बुधवार. बुधवारी ती मला फोन करते. जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. ती स्वतः विद्यापीठाच्या मुलींच्या संघात खेळू लागली, त्यालाही आता वर्ष झालं. त्या प्रकारात कोणी कोणाला पाडत नाही, कमरेला लटकणाऱ्या पट्ट्या ओढून अडवतात. ती वेगानं पळते, म्हणून तिलाही कडेलाच उभं केलेलं. "खेळ कसा चाललाय?" मी विचारी. "फाइन," ती म्हणे. बुधवारचा फोन आठ मिनिटांत आटपे. रविवारचा सामना तीन तास चाले.

मत्सराची चव मला चांगली ठाऊक आहे. कच्च्या बटाट्याची फोड चावावी तशी ती पिठूळ असते आणि जिभेवर पातळसा थर ठेवून जाते. हा मत्सर कोण्या परक्या बाईचा असता तर त्याला काही डौल तरी असता. आपल्या नवऱ्याचा मत्सर, तोही आपल्याच मुलीवरून, कोणाजवळ बोलून दाखवायचा?

शिवाय त्याचं बी माझ्याच हातचं होतं. लेक दहा वर्षांची असताना मी दर रविवारी दुपारी इल्फर्डला जाऊ लागले. तिथल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दहाबारा जण जमून मराठी कविता वाचत असू. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि मधले तीन तास शब्दांच्या उबेत. त्या वेळात घरी उरलेल्या दोघांनी टीव्ही चाळता चाळता हा खेळ शोधून काढला. मी परतत असे तेव्हा सोफ्यावर एकाच पांघरुणात दोन माणसं आणि टोस्टचा चुरा असे. "आई, शू," ती म्हणे, "थर्ड डाउन आहे." मी परक्यांच्या मात्रा मोजत होते, आणि घरात एक अख्खी भाषा माझ्यावाचून तयार होत होती.

गेल्या हिवाळ्यात मी ठरवलं, की ती भाषा शिकायची. कोणाला न सांगता. कामाला जाताना ज्युबिली लाइनच्या डब्यात मी फोनवर त्या फसलेल्या खेळाडूंच्या जुन्या चित्रफिती पाहू लागले. आवाज बंद ठेवत असे. आवाजावाचून ते धावणं फार देखणं दिसतं. घोट्याचा तो क्षणभराचा हेलकावा, मग लांबत जाणारी ढांग, खांद्यावरून मागे वळलेली मान, आणि आकाशातून उतरणारा तो तपकिरी रंगाचा चेंडू. मी एकेक झेल पुन्हा पुन्हा पाहिला. सुटलेले झेल तर अधिकच. तिसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. चेंडू बोटांना लागण्याच्या निमिषभर आधी त्या वेगवान माणसांचे डोळे पुढच्या मोकळ्या गवताकडे वळत. हात चेंडूपाशी, मन पुढे निघून गेलेलं.

हे मला दिसलं याचा मला अतोनात अभिमान वाटला. घडलेल्या कडव्यासारखं मी ते जपलं. घासून, पुसून, दोन शब्द कमी करून, एक वाढवून. नवऱ्याला इतक्या वर्षांत जे सुचलं नव्हतं, ते मी त्याच्याच सोफ्यावर बसून सांगणार होते, आणि लेक स्पीकरमधून म्हणणार होती, आई, तू हे कधी पाहिलंस?

तो रविवार आला. मी गॅसवरची भाजी मंद केली, हात पुसले, आल्याचा वास अजून बोटांना होताच, आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं जरा सरकून जागा दिली. विषय वावटळीचाच होता.

"मी बोलू का?" मी म्हणाले.

"आई आहे तिथे?" लेक म्हणाली.

"आहे. मी तुमच्या वावटळीचे सगळे झेल पाहिलेत."

"नो वे."

"सगळे. आणि तुमचं दोघांचंही चुकतंय. फेकणाऱ्याचा दोष नाही, रस्त्याचाही नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं आणि त्याच्याआड काहीतरी सावध. "भाजी लागेल," तो म्हणाला.

"मंद केलीय." मला वाटलं, हा आपली जागा राखतो आहे. त्या वाटण्यानं मला जोर आला. "ज्यांना वेग जन्मतःच मिळतो, त्यांना वाट पाहणं शिकावंच लागत नाही. चेंडू हाती येण्याआधीच ती माणसं निघून गेलेली असतात. झेल घ्यायला थांबावं लागतं, आणि थांबणं हीच त्यांची उणीव. अशा माणसाच्या हाती शेवटी काही लागत नाही."

टीव्हीवर गर्दी ओरडत होती. मग लेक म्हणाली, "ओके, आई." आणि थोड्या वेळानं, "मॅच बोअर आहे. मी ठेवते."

फोनचा पडदा काळा झाला. नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. ते धावणं पुन्हा मला पाठ असलेल्या निःशब्दतेत सुरू झालं.

"तिचे झेल सुटतायत," तो म्हणाला. "ऑक्टोबरपासून. मागच्या दोन मॅचमध्ये पाच. कोच म्हणतात, या शनिवारी बघू, नाहीतर तुला टीमबाहेर ठेवावं लागेल."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तिनं नको म्हटलं होतं."

"का?"

त्यानं रिमोटच्या रबरी बटणांवरून अंगठा फिरवला. "म्हणाली, आईला सांगितलं तर ती त्याचं काहीतरी सुंदर करेल."

भाजी खरोखरच लागली होती. करपलेल्या फरसबीचा वास दारातून आत आला, आणि दोघांपैकी कोणी उठलं नाही. मला आता सारं ऐकू येत होतं. महिनोन्महिने मी दारामागून विनोद तेवढे ऐकले होते. तेलकटाची बाजू घेणारा बाप आणि वावटळीला वाचवणारी मुलगी, ही दोघं दर रविवारी कोणाबद्दल बोलत होती ते मला कळलंच नव्हतं. वावटळ ओपन असायचा, असं ती म्हणाली होती. आणि त्या क्षणीही, सांगायला लाज वाटते, मला मुलीच्या दुःखाआधी नवऱ्याचा हेवा वाटला. तिनं यश कोणाला सांगितलं असतं तर मी सोसलं असतं. तिनं त्याला आपलं अपयश दिलं होतं.

मी बुधवारची वाट पाहिली. बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी मी तिला लिहिलं, "शनिवारी बाबाबरोबर येऊ का?" अर्ध्या तासानं उत्तर आलं, "ये. पण काही बोलू नको."

बर्मिंगहॅमच्या त्या मैदानावर वारा आडवा वाहत होता. चिखलाला थंड लोखंडासारखा वास होता, मुलींच्या पोटऱ्यांवर मलमाचा झणझणीत थर होता. आमच्यासारखे पंधरावीस प्रेक्षक दोरीमागे पाय आपटत उभे होते. मी शाल कानांवरून घेतली आणि तोंड मिटलं. तिला पळताना मी याआधी मैदानात पाहिलंच नव्हतं. त्या धावण्याचं वर्णन मी इथेही करणार नाही.

पहिला चेंडू तिच्या हातून सुटला. नवऱ्यानं टाळी वाजवली, "नेक्स्ट वन," असं ओरडला. दुसरा तिनं छातीशी घट्ट धरला आणि तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसली. तिसरा सुटला. चौथा तिच्याकडे कोणी फेकला नाही. सामना संपल्यावर कोच तिच्याशी उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलल्या. मग ती दोरीकडे आली. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. तिची नजर आधी त्याच्यावर गेली.

"राखीव," ती म्हणाली. "टीममध्ये आहे. पण सुरुवातीला खेळणार नाही."

"चालेल," तो म्हणाला. "तिसरा तुझ्या मागे टाकला होता फेकणारीनं. तुझा नव्हता तो."

"थोडा माझापण होता."

"थोडा."

ती त्याच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. मी तिची पाण्याची बाटली धरली होती.

स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये जागा विखुरलेल्या होत्या. नवरा पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी बसला, आम्ही दोघी मागे. खिडकीवर वाफ धरली होती. दोन थांबे गेले.

"आई, तू खरंच एकपण शब्द नाही बोललीस."

"तू सांगितलं होतंस."

"हो, पण तू ऐकशील असं वाटलं नव्हतं." तिनं हात उलटे करून मांडीवर ठेवले. तळवे लाल होते. "तू म्हणालीस ना, आम्ही आधीच निघून जातो. तसं नसतं. माझं नाही. मला आधी ऐकू येतं. जो बॉल सुटणार असतो तो हाताला लागताना वाजतो. फटकन. आणि जो राहतो, त्याचा आवाजच येत नाही. आता मी धावतानाच त्या आवाजाची वाट बघत असते."

माझ्या आत काहीतरी त्या वाक्यावर झेपावलं. मी दोन्ही हात शालीत घट्ट धरून ठेवले. विचारू नये ते मात्र विचारलंच.

"हे बाबाला सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नवीन ग्लोव्ह्ज घेऊ."

पुढच्या बाकावर त्याची मान त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे झुकली होती, कानामागचे पांढरे केस वाऱ्यानं विस्कटलेले होते. मी त्या मानेकडे पाहत राहिले आणि मला फार आनंद झाला. तो चांगला आनंद नव्हता. मी तो तिला दिसू दिला नाही.

"कसा वाजतो?" मी विचारलं. "नीट सांग. मला घाई नाही."