कपाटातला पट्टा

"एसीचा गॅस संपला. भरून टाका मेस्त्री," बॉनेट उघडता उघडताच अण्णांनी फर्मावलं.

मी म्हटलं, "अण्णा, हे काय पेट्रोल आहे संपायला?"

आमचं गॅरेज नाशिकला, अण्णा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. मुंबईच्या कुठल्याशा साहेबाची जुनी एसी गाडी त्यांनी घेतली होती, ती काकूंसाठी. काकूंना दमा. खिडकी उघडी ठेवून हायवेला लागलं की धूळ-धुराने त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आता रविवारी मुंबईत लेकीच्या मुलाचं बारसं होतं. डोहाळजेवणाला निघाल्या होत्या तेव्हा घोटीतच एसी गरम वारा फेकू लागला आणि त्या परत फिरल्या. तो गॅस होळीच्या सुमारास मीच भरला होता, गळती न शोधता. आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तोच तो पाइपांतून गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. पण गिऱ्हाईक 'भरा' म्हणतं, आपण भरतो.

केबिनमधून शेठ ओरडले, "भर आणि सोड रे, मागे रांग लागलीय!"

"शेठ, ही गाडी आज सुटणार नाही."

त्यावर शेठ काय बोलले ते लिहीत नाही.

थोडा गॅस आत सोडून जोडांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. मग लीक शोधायचा दिवा पेटवला. त्याची ज्योत निळी असते, गॅस लागला की हिरवी होते. पट्ट्यावर फिरणाऱ्या कंप्रेसरच्या दांड्यापाशी नेला आणि झाली की हिरवीगार! तिथलं सील सुकलं होतं. ते तेलाने ओलं राहावं लागतं, आणि तेल फिरतं एसी चालला तरच.

"अण्णा, थंडीत एसी लावता का?"

"छ्या! कशाला झिजवायचा? दिवाळीला पट्टाच काढून घेतो. फडक्यात गुंडाळून कपाटात. लय जपतो मी."

"जपलात म्हणूनच मेला तो!" माझा आवाज चढला. "थंडीतसुद्धा आठवड्याला दहा मिनिटं चालवायचा असतो."

अण्णांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण बोलून बसलो होतो.

मुंबईहून सील मागवलं, शनिवारी सकाळी बसवलं. पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढली, मग बेताने गॅस भरला. दिवा पुन्हा फिरवला. ज्योत निळीच राहिली.

मंगळवारी गाडी गॅरेजच्या दारात. काकू स्वतः उतरल्या, हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा.

"घाटात बी गारेगार होतं, मेस्त्री. पाळण्याची दोरी मीच ओढली." मग अण्णांकडे बघत म्हणाल्या, "यांना अजून एक सांगा. दिवाळी आली की मला बी घरातच ठेवतात. लय जपतात."

अण्णा टायरकडे बघत राहिले.

त्या थंडीत दर रविवारी ती गाडी नाशिकला यायची. एसी चालू, अंगावर शाल घेऊन काकू पुढच्या सीटवर. मी मात्र तेव्हापासून 'गॅस संपला' म्हणणाऱ्याला आधी विचारतो, "शेवटचा चालवला कधी?"