फळीवरचा पेला

किकवीच्या एसटी थांब्याजवळ गावातल्या एका बाईची चहाची टपरी आहे. सकाळी मोबाईलचा गजर वाजला की ती गाळणी ठेवते, "थांबा, आदी माजी गोळी," म्हणते आणि गिऱ्हाइकांसमोरच एचआयव्हीची गोळी घेते. सरकारी दवाखान्यातल्या या फुकट गोळ्यांनी ती ठणठणीत झाली आहे. लोक फिरकत नव्हते तेव्हाही मी तिच्याकडचा चहा सोडला नाही, असं मी गावात मिरवतो. पेला मात्र घरून नेतो, हे कुणाला सांगितलं नाही.

परवा तो विसरलो, म्हणून चहा नको म्हणालो. तिनं फळीवरून कोरा पेला काढला.

"आबा, ह्यो तुमच्यासाठीच ठेवलाय. मी बी त्यात पीत न्हाई."

"सगळ्यांच्या कपातच दे," मी म्हणालो.

तिनं धुतलेला कप माझ्यासमोर पुन्हा विसळला.